दोनशे माणसं आणि एक छप्पर

जपानच्या डोंगरात शेतकऱ्यांची गवताने शाकारलेली घरं आहेत. जग त्यांचे फोटो काढतं. पण तीस वर्षांनी एकदा त्यांचं छप्पर बदलायची वेळ येते, तेव्हा वर चढणार कोण?

छप्पर गळायला लागलं की आपण काय करतो? सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. मग तीन कोटेशन येतात, वरच्या मजल्यावाले आणि खालच्या मजल्यावाले यांच्यात वाद होतो, शेवटी डांबराचा एक थर देऊन विषय पुढच्या पावसाळ्यावर ढकलला जातो. जपानच्या गिफू प्रांतात ओगिमाची नावाचं गाव आहे. तिथे एका घराचं छप्पर बदलायचं असेल तर तयारी दोन-तीन वर्षं आधी सुरू होते, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी शंभर-दोनशे माणसं शिडीपाशी हजर होतात. संध्याकाळपर्यंत छपराची एक अख्खी बाजू नवी कोरी.

हे गाव तुम्ही पाहिलेलं असणार. नाव माहीत नसलं तरी फोटो नक्कीच. बर्फाने भरलेलं खोरं, त्यात उंच, निमुळत्या छपरांची घरं, खिडक्यांतून पिवळा उजेड. जपानचं कुठलंही कॅलेंडर उघडा, जानेवारी किंवा फेब्रुवारीच्या पानावर बहुतेक हेच. ॲनिमेवाल्यांना तर वेगळं सांगायला नको. ‘हिगुराशी’ मालिकेतलं ते भयाण गाव याच गावावर बेतलेलं आहे. शिराकावा-गो हे या भागाचं नाव, आणि ओगिमाची ही त्यातली सगळ्यात मोठी वस्ती. शेजारच्या तोयामा प्रांतात गोकायामा आहे, तिथल्या आइनोकुरा आणि सुगानुमा या दोन छोट्या वाड्या. हे तिन्ही मिळून 1995 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. यादीत गेलं तेव्हा ओगिमाचीत अशी 59 घरं होती, आइनोकुरात 20 आणि सुगानुमात 9. सुगानुमाची तेव्हाची लोकसंख्या अवघी चाळीस. म्हणजे आपल्या एखाद्या मजल्यावर राहतात तेवढी माणसं!

लक्षात घ्या, हे राजवाडे नाहीत, देवळं नाहीत. शेतकऱ्यांची घरं आहेत. आणि बरीचशी अजून राहती आहेत. वरच्या माळ्यावर जुनी अवजारं आणि खाली टीव्ही, वायफाय, मुलांचा अभ्यास. संग्रहालयाचं छप्पर दुरुस्त करणं वेगळं, आणि आत आजी झोपलेली असताना डोक्यावरचं छप्पर उतरवणं वेगळं.

हात जोडलेलं घर

या घरांच्या बांधणीला ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. दोन तळवे बोटांच्या टोकाला टेकवून खाली थोडे फाकवा, झालं तुमचं छप्पर. उतार जवळपास साठ अंशांचा. आपल्या कोकणातल्या कौलारू घराचा उतार याच्यापुढे अगदीच सपाट वाटेल. एवढा उभा उतार कशासाठी, तर बर्फासाठी. इथला बर्फ ओला आणि जड असतो आणि हिवाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाईल इतका साठतो. छप्पर सपाट असतं तर बर्फाने घर बसलंच असतं. उभ्या उतारावरून तो घसरून खाली येतो.

खरी गंमत आतल्या सांगाड्यात आहे. खालचा भाग, म्हणजे खांब, तुळया, भिंती, हे काम कसलेले सुतार करायचे. या हिदा भागातले सुतार जुन्या काळापासून नावाजलेले. पण तुळयांच्या वरचं सगळं, म्हणजे वासे, आडवे बांबू, गवत, हे गावकरी स्वतः करायचे. त्यामुळे वरच्या भागात खिळा नाही, नट नाही, बोल्ट नाही. सगळं बांधलेलं. पेंढ्याच्या दोरांनी, आणि मांसाकू नावाच्या झुडपाच्या हिरव्या, कोवळ्या फांद्यांनी. या फांद्या ओल्या असताना पिळून दोरासारख्या गुंडाळतात. वाळल्या की त्या आवळतात आणि गाठ आणखी घट्ट होते. वाऱ्याने किंवा भूकंपाने घर हललं तर या गाठी थोड्याशा सैलावतात, पण तुटत नाहीत.

मुख्य वाशांची खालची टोकं पेन्सिलीसारखी तासलेली असतात आणि तुळईतल्या खळग्यात नुसती टेकलेली असतात. ठोकलेली नाहीत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एवढं अवाढव्य छप्पर नुसतं ‘ठेवलेलं’? पण तेच तर त्याचं बळ. छप्पर आणि घर एकमेकांना करकचून जखडलेले नाहीत, त्यामुळे धक्का बसला की दोघंही आपापल्या परीने हलू शकतात. ब्रुनो टाऊट हा जर्मन वास्तुविशारद नाझींच्या राजवटीमुळे देश सोडून जपानमध्ये आला होता. त्याने 1935 साली ही घरं पाहिली आणि त्यांच्या रचनेतलं तर्कशुद्ध शहाणपण जगापुढे मांडलं. त्याआधी शहरी जपानी लोकांच्या लेखी हे म्हणजे मागास डोंगराळ भागातले गवताचे ढीग होते. आपल्या गावातली गोष्ट बाहेरच्याने चांगली म्हटल्यावर चांगली वाटायला लागते, हा आजार फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आणि माळा? तो बघायलाच हवा. मोठ्या घरांत एकावर एक दोन-तीन, कधी चार माळे. तिथे रेशमाचे किडे पाळायचे. खाली आगटी पेटलेली, तिची ऊब फटींच्या जमिनीतून वर जायची आणि किडे थंडीतून वाचायचे. शेतीला जमीन थोडी, भात पिकवायला जागा कमी, मग रेशीम हेच रोख पैशाचं साधन. गोकायामात तर घराच्या जमिनीखाली सोरा बनवायचे. बंदुकीच्या दारूत लागतो तो. माती, झाडपाला, रेशीमकिड्यांची लेंडं आणि मूत्र थरावर थर घालून काही वर्षं कुजवायचं आणि त्यातून सोरा काढायचा. हे सगळं आगटीच्या शेजारी, जमिनीखाली! एका घरात खाली दारूगोळ्याचा कच्चा माल आणि वर रेशीम. असा स्टार्टअप कुणी ऐकलाय?

त्या आगटीचं छपराशी आणखी एक नातं आहे. रात्रंदिवस धुमसणाऱ्या आगटीचा धूर वर चढायचा, गवतात आणि दोरांत मुरायचा. गवत कोरडं राहायचं, कीड लागायची नाही, लाकडावर काजळीचा काळा थर बसायचा. तेच त्याचं पॉलिश आणि तेच पेस्ट कंट्रोल. आता बहुतेक घरांत गॅस आणि हीटर आलेत. राहणाऱ्यांना ते सोयीचं, छपराला गैरसोयीचं. जुनी माणसं सांगायची की छप्पर चाळीस-पन्नास वर्षं टिकतं. आता वीस-तीस वर्षांतच ते उतरवायची पाळी येते. घर बघायला उघडं असेल तर तिथे आजही मुद्दाम आगटी पेटवतात. पर्यटकांना वाटतं, वातावरणनिर्मिती. असेलही, पण तो छपराचा औषधोपचारही आहे.

सावड, पण जपानी

आता मुद्द्यावर येऊ. हे छप्पर बदलतात कसं?

तिथल्या पद्धतीचं नाव ‘युई’. ज्यांचं गाव अजून गावच आहे त्यांना हे समजवायला लागणार नाही, कारण आपल्याकडे त्याला सावड म्हणतात. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. पैसे नाहीत, हिशेब मात्र आहे. काम झाल्यावर घरधनी सगळ्यांना जेवू घालतो, त्या बाबतीत ते आपल्या इर्जिकीसारखंही आहे. फरक एवढाच, की सावडीची परतफेड आपण त्याच हंगामात करतो आणि युईची परतफेड तीस वर्षांनी होऊ शकते. म्हणून वही ठेवतात. कुणी किती दिवस काम केलं, कुणी किती दोर दिला, किती गवत, किती तांदूळ, किती साके, हे सगळं लिहून ठेवायचं. अशा जुन्या वह्या घराघरांत जपून ठेवलेल्या आहेत. तुमच्या आजोबांच्या छपराला अमुक घरातून दोन माणसं आली होती, म्हणून आज त्यांच्या छपराला तुम्ही दोन माणसं पाठवायची. आजोबा नाहीत, ती दोन माणसंही नाहीत, हिशेब आहे.

तयारीचा पहिला भाग म्हणजे गवत. छपरासाठी वापरायच्या उंच गवतांना मिळून जपानीत ‘काया’ म्हणतात. आपल्याला गंमत वाटेल, पण घराची काया खरंच यानेच बनते. या भागात त्यातलं ‘कारियासू’ नावाचं बारीक गवत सगळ्यात चांगलं मानतात. काडी बारीक आणि पोकळ, पाणी धरून ठेवत नाही. पानगळीच्या दिवसांत, बर्फ पडायच्या आत ते कापायचं, भारे बांधून उभे करायचे, वाळवायचे, साठवायचे. एका वर्षाच्या गवतात मोठं छप्पर भागत नाही, म्हणून काही वर्षं साठवण करावी लागते. पूर्वी प्रत्येक वस्तीची गवताची राखीव कुरणं असायची. दरवर्षी कापणी झाली की पुढच्या वर्षी गवत सरळ आणि चांगलं येतं. कापणी थांबली की झुडपं माजतात आणि कुरण जंगल होऊन जातं. नेमकं तेच झालं. छपरं कमी झाली, कुरणं गेली, आणि आज उरलेल्या छपरांना गावातलं गवत पुरत नाही. ते दुसऱ्या प्रांतांतून ट्रकने आणावं लागतं. वारसा यादीतल्या गावाला गवत विकत घ्यावं लागतं, हे ऐकून मला तरी धक्का बसला होता. आता गावाजवळ पुन्हा कुरणं तयार करायचे प्रयत्न चालू आहेत आणि कापणीला स्वयंसेवक, विद्यार्थी येतात. पण कुरण काही एका वीकेंडमध्ये उगवत नाही.

बर्फ वितळला की मुहूर्त. बहुधा एप्रिल-मे. एका वेळी साधारण छपराची एकच बाजू करतात, म्हणजे एकच पाखं. दुसरं पाखं नंतर कधीतरी. आधी जुनं गवत उतरवायचं. तीस वर्षांची धूळ, काजळी आणि शेवाळ एका दमात खाली येतं. जे लोक ते काम करतात त्यांचे फोटो बघा, कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसतात. उतरवलेलं गवत वाया जात नाही, ते शेतात खत म्हणून जातं. मग सांगाडा तपासायचा, सैल गाठी नव्याने बांधायच्या, कुजलेले बांबू बदलायचे. हवामान खात्याच्या अंदाजावर सगळ्यांचा डोळा असतो, कारण उघड्या घरावर पाऊस पडला तर संपलंच.

आणि मग तो दिवस. वळचणीपासून काम सुरू होतं आणि थर चढत चढत आढ्यापर्यंत जातं. उतारावर आडव्या बांधलेल्या वाशांवर पाय रोवून माणसं एका ओळीत उभी असतात. खालून भारे वर फेकले जातात किंवा हातोहात जातात. एक जण गवत पसरतो, दुसरा लाकडी मोगरीने ठोकून ते बसवतो, तिसरा दोराने आवळतो. पण दोर आवळायचा म्हणजे गवताच्या जाड थरातून तो आतल्या वाशाभोवती फिरवून परत बाहेर काढायला हवा. त्यासाठी भलंमोठं लाकडी दाभण असतं. बाहेरचा माणूस ते आत खुपसतो. आत, माळ्यावरच्या अंधारात, दुसरा माणूस उभा असतो. तो दोर पकडतो, वाशाला वळसा घालतो आणि दाभण परत बाहेर पाठवतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. नुसत्या हाका. ‘अजून डावीकडे’, ‘ओढ’, ‘थांब’. एखादी गोधडी शिवावी तसं घर शिवतात म्हणा ना. फक्त ही गोधडी हातभर जाड आणि दोन-तीन मजले उंच असते.

वर चढतात ते बहुतेक अनुभवी. खाली भारे वाहणारे, दोर कापणारे, कचरा उचलणारे. स्वयंपाकघरात बायका. दोनशे माणसांचं जेवण, चहा आणि काम संपल्यावरची मेजवानी, हे सगळं त्यांच्याकडे. फोटोंत मात्र सगळे छपरावरचे पुरुष. सावड असो की युई, ही गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते.

ओगिमाचीतलं नागासे घर हे यातलं गाजलेलं उदाहरण. 1890 साली बांधलेलं, पाच मजल्यांएवढं उंच. 2001 साली त्याचं मोठं छप्पर युईने बदललं, तेव्हा गावकरी आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक मिळून पाचशेच्या आसपास माणसं जमली होती. जपानच्या एनएचके वाहिनीने त्यावर माहितीपट केला. घर आता बघायला उघडं आहे.

विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही

एवढं सगळं वाचून वाटेल, काय सुंदर परंपरा, जपानी लोक किती शिस्तीचे वगैरे वगैरे. थांबा. ही घरं आपोआप टिकलेली नाहीत. शिराकावा गावाच्या हद्दीत 1924 च्या सुमारास अशी सुमारे तीनशे घरं होती. 1961 पर्यंत त्यातली शंभराहून जास्त गेलेली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर शहरं वाढली, तरुण कामाला बाहेर पडले, रेशमाचा धंदा बसला. शो नदीवर मिबोरो धरण बांधलं, ते 1961 साली पूर्ण झालं आणि नदीकाठच्या वाड्या पाण्याखाली गेल्या. काही घरं सुटी करून दुसरीकडे हलवली. योकोहामाच्या सांकेइएन बागेत यानोहारा कुटुंबाचं घर उभं आहे, ते या धरणातूनच वाचलेलं. काही घरं उपाहारगृहं म्हणून विकली गेली. काहींवर पत्रा चढला. कारण साधं होतं. गवताच्या छपराला दोनशे माणसं लागतात, पत्र्याला चार.

मग 1971 साली ओगिमाचीच्या लोकांनी स्वतःच एकत्र येऊन ठरवलं. घरं, शेतं, झाडं, जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, पाडायची नाही. हे सरकारने लादलेलं नव्हतं. कायदा नंतर आला. जपानचा सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा 1950 चा. त्याच्या आदल्या वर्षी नारा जवळच्या होर्यु-जी देवळात आग लागून प्राचीन भित्तिचित्रं जळाली, त्या धक्क्यातून तो आला. पण तो सुरुवातीला एकेकट्या वास्तूंचा विचार करणारा होता. 1975 च्या दुरुस्तीने अख्ख्या वस्तीला संरक्षण द्यायची सोय झाली आणि 1976 मध्ये ओगिमाची त्या यादीतल्या पहिल्या काही गावांत आलं.

संरक्षण म्हणजे नुसती पाटी नव्हे. घराला हात लावायचा तर परवानगी, रंग ठरलेले, साहित्य ठरलेलं. खिडकीला ॲल्युमिनियम बसवायची इच्छा झाली तरी बसवता येत नाही. त्या बदल्यात दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. आणि तो लहान नाही. मोठ्या घराचं पूर्ण छप्पर व्यावसायिकांकडून करून घ्यायचं तर खर्च एक कोटी येनच्या वर सहज जातो, म्हणजे आपले पन्नास-साठ लाख रुपये. पर्यटकांच्या गाड्या गावाबाहेर लावायच्या आणि त्या पार्किंगच्या पैशातून संवर्धनाचा निधी उभा करायचा, असाही मार्ग गावाने काढलाय. आपण पार्किंगची पावती फाडताना कुरकुरतो, इथे ती पावती कुणाच्या तरी छपरावर जाऊन बसते!

आगीची भीती वेगळीच. शंभरेक गवताची छपरं एकमेकांजवळ. एक ठिणगी पुरे. म्हणून गावात जागोजागी छोट्या छपरांच्या खोक्यांत पाण्याच्या तोफा लपवलेल्या आहेत, 59 तोफा. डोंगरावरच्या टाकीतून पाणी उताराने येतं, वीज गेली तरी चालतं. दरवर्षी शरद ऋतूत त्यांची रंगीत तालीम होते आणि अख्खं गाव कारंज्यांत न्हाऊन निघतं. हे फोटोही तुम्ही पाहिले असतील. फोटोत दिसत नाही ते असं, की गावकरी रोज पाळीने लाकडी फळ्या वाजवत गस्त घालतात. रोज. सुट्टी नाही.

पाळी कुणाची?

आता थोडं गणित. ओगिमाचीत घरं, कोठारं, गोठे मिळून शाकारलेल्या शंभरच्या वर इमारती. प्रत्येकीचं छप्पर तीस वर्षांनी बदलायचं धरलं तर गावाला दरवर्षी तीन-चार छपरं करावी लागतात. पण एका घराच्या दृष्टीने पाहिलं तर पाळी तीस वर्षांनी. म्हणजे विशीत असताना तुमच्या घराचं छप्पर झालं, तर पुढचं पन्नाशीत. त्याच्या पुढचं बहुधा नातवंडांच्या डोक्यावर. नुसतं आपलंच छप्पर करून कुणीच हे काम शिकू शकत नाही. शिकायचं ते दुसऱ्यांच्या छपरावर. युई म्हणजे श्रमाची देवाणघेवाण, हे झालं पुस्तकातलं. माझ्या मते ती मुळात शाळा आहे. पंधराव्या वर्षी भारे उचलायचे, पंचविसाव्या वर्षी आत उभं राहून दाभण पकडायचं, पस्तिशीत बाहेर चढायचं आणि साठीत खाली उभं राहून ओरडायचं, ‘अरे तिकडे पातळ झालंय!’

ही शाळा आता अडचणीत आहे. गावातले बरेच जण नोकरी करतात, किंवा घरातच पाहुण्यांची सोय चालवतात. मे महिन्यातल्या एका दिवसासाठी दोनशे लोकांनी रजा टाकायची हे सोपं नाही. वय वाढलेलं आहे. उंचीवरचं काम, विमा, हेल्मेट, सुरक्षेचे नियम हे सगळं आहे आणि असायलाच हवं. त्यामुळे आता बहुतेक छपरं व्यावसायिक करतात. गोकायामात हे काम स्थानिक वन सहकारी संस्थेकडे गेलंय आणि तिथे पगारी तरुण कामगार छपरं शाकारतात. ओगिमाचीत दोन्ही चालतं, युईही आणि ठेकेदारही.

यावर हळहळणारे खूप भेटतात. मला ते पूर्ण पटत नाही. पगारी टोळी वर्षभरात अनेक छपरं करते, हात सफाईदार होतो, आणि मुख्य म्हणजे एखाद्या तरुणाला गाव न सोडता जगता येतं. शाकारणीवर पोट भरता येतं ही गोष्ट परंपरेच्या विरोधात नाही, उलट. युनेस्कोने 2020 साली जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची पारंपरिक कौशल्यं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यात शाकारणीही आहे आणि गवत कापणंही. कौशल्याला मान मिळतोय तर मोबदलाही मिळू दे.

पण एक गोष्ट टोळीला जमत नाही. टोळी छप्पर बदलून निघून जाते. शेजारच्या घराच्या आढ्यावर कुठे पाणी मुरतं, कुठल्या बाजूला सावली पडून शेवाळ धरतं, घसरणाऱ्या बर्फाने कुठलं गवत उपसलं गेलंय, हे ज्याने ते छप्पर स्वतः ठोकलंय त्यालाच जाता-येता दिसतं. आणि छपराला मोठ्या दुरुस्तीच्या मधे सतत छोटी ठिगळं लागतात. उपसलेल्या जागी नवं गवत खोचायचं, आढं दुरुस्त करायचं. आगीच्या रात्री तोफ उघडायला धावणारी माणसंही तीच, सावडीतली. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये पार्किंगजवळच्या एका झोपडीला आग लागली, तेव्हा पाण्याचे फवारे उडाले आणि आग मुख्य वस्तीत शिरली नाही.

आणखी एक प्रश्न आहे, तो पर्यटनाचा. 2008 साली एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला आणि नागोयाहून गाव काही तासांवर आलं. करोनाच्या आधी वर्षाला पंधरा लाखांहून जास्त लोक इथे येत होते, आणि ओगिमाचीची वस्ती काहीशेची. हिवाळ्यातल्या दिव्यांच्या कार्यक्रमाला एवढी गर्दी व्हायला लागली की 2019 पासून आगाऊ नोंदणी सक्तीची केली. लोक परसात शिरतात, खिडकीतून आत डोकावतात, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांसकट सेल्फी घेतात. पण याच पर्यटकांमुळे तरुणांना गावात काम मिळतं, हेही खरं. विशीतल्या मुलाने परत यायचं की टोकियोत राहायचं, हे ठरवताना तो गवताचा विचार करत नाही. शाळा, दवाखाना, पगार, लग्न याचा करतो. कोकणातल्या कुठल्याही गावात हेच बोलणं ऐकू येईल. आपल्याकडेही मे महिन्यात घर शाकारायला, कौलं परतायला माणूस मिळत नाही म्हणून किती घरांवर पत्रे चढले, ते गावी गेल्यावर मोजून बघा.

जायचा योग आला तर गर्दीच्या निरीक्षण मनोऱ्यावर फोटो काढून परत फिरू नका. वादा, कांदा, नागासे ही घरं तिकीट काढून आतून बघता येतात. बूट काढायचे, आगटीपाशी थोडं बसायचं, डोळे चुरचुरले तरी, आणि मग उभ्या जिन्याने माळ्यावर जायचं. तिथे मान वर करा. वाशांवरच्या गाठी दिसतील, काही काजळीने काळ्या ठिक्कर, काही पिवळ्या. पिवळ्या दिसल्या तर समजा, इथे अलीकडेच कुणीतरी अंधारात उभं राहून दाभणाची वाट बघत होतं.